मुकं गाठोडं

माझ्या सासूबाई विसराळू झाल्या आहेत, असा एक समज आमच्या कुटुंबात काही वर्षे नांदत होता. त्या समजाचा कर्ता मी आहे. त्या काहीही विसरल्या नव्हत्या. जी वस्तू त्या घरी विसरल्या असे सर्वांनी मानले, ती मी माझ्या हातांनी मोटारीच्या डिकीतून काढून त्यांच्याच घरात नेऊन ठेवली होती; आणि खरे बोलण्याची वेळ आली तेव्हा मी गप्प राहिलो. नुसता गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चालले असते. पण मी अतिशय मायेने एक वाक्य बोललो, आणि त्यांचे जे नुकसान झाले ते त्या वाक्याने झाले. ते वाक्य पुढे येईलच. मात्र सासूबाई त्या एका वाक्यापुरत्या उरू नयेत, म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहितो.

सासूबाई मुरगूडच्या. लग्न होऊन कोल्हापुरात आल्याला किती वर्षे झाली असे कोणी विचारले, तर त्या उलट विचारतात, "मोजून काय करायचंय? परत धाडणार हाईसा व्हय?" अंगाने किरकोळ आणि आवाजाने दणकट. आमच्या भागातल्या पुष्कळ बायकांप्रमाणे त्या स्वतःविषयी 'मी आलो', 'मी गेलो' असेच बोलतात, आणि ते त्यांना शोभते. त्या फोनवर बोलू लागल्या की मुरगूडच्या बहिणीला फोनची गरज काय, असा प्रश्न गल्लीला पडतो. मी ज्या घरात वाढलो तिथे आवाज चढवणे हे ताट फेकण्याइतके असभ्य मानले जाई. तंत्रनिकेतनात इतकी वर्षे शिकवूनही माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत कधी पोहोचलेला नाही. त्यामुळे लग्नानंतर बराच काळ सासूबाई मला आजारी समजत. "पावण्यांस्नी बरं न्हाय काय गं?" असे त्या माझ्यासमोरच मुलीला विचारत. "बोलताना दम लागतोय बग त्यांस्नी."

दिवाळी सरली आणि भाताची कापणी उरकली की सर्वांनी मिळून राधानगरीकडे तंबू ठोकून राहायला जायचे, हा आमच्या सासरचा प्रघात. तो मेहुण्याने पाडला. त्याचे पशुखाद्याचे दुकान आहे आणि त्याच्या एका गिऱ्हाइकाचे शेत धरणाच्या पाण्याला लागून आहे. पीक निघाल्यावर ते शेत मोकळे पडते. तंबू मेहुण्याचे, भांडीकुंडी त्याच्या बायकोची, किराणा माझ्या पत्नीचा आणि कपडे सासूबाईंकडे. सगळ्यांचे कपडे. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपापले कपडे आणून त्यांच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, ओतायचे आणि मागे वळून न बघता निघून जायचे. पुढचे त्या जाणोत.

पुढे जे होई ते मी दुसऱ्या कोणत्याही घरात पाहिलेले नाही. जगभरची माणसे कपडे भरतात ती माणसागणिक: ही नवऱ्याची बॅग, ही मुलांची. सासूबाई कपडे भरत त्या वेळेगणिक. जुन्या लुगड्यांचे चौकोन त्यांनी फाडून ठेवलेले होते. एका चौकोनात सगळ्यांचे पहिल्या संध्याकाळचे कपडे जात: मेहुण्याचा स्वेटर, माझा पायजमा, सुनेची शाल, पोरांच्या कानटोप्या. दुसऱ्या चौकोनात सगळ्यांचे सकाळचे. तिसऱ्यात आंघोळीनंतरचे. प्रत्येकात कडुलिंबाचा थोडा पाला, आणि वर अशी गाठ की ती त्यांच्याखेरीज कोणाला सुटत नसे. त्यांचे म्हणणे असे, की बॅग माणसाची असते आणि गाठोडे वेळेचे. "बॅगंची चेन वढली की माणूस आत गेला," असे त्या म्हणत. "मग त्येला हुडकत बसा."

असे का, हे मी त्यांना अनेकदा विचारले आणि दर वेळी मला वेगळे उत्तर मिळाले. एकदा म्हणाल्या, जागा कमी लागते. एकदा म्हणाल्या, भांडणे होत नाहीत. एकदा शेजारणीला सांगताना मी ऐकले, की हा चोरांवरचा उपाय आहे. "चोरानं बॅग नेली तर एकट्याचं समदं जातंय. गठळं नेलं तर सगळ्यांचं थोडं थोडं जातंय. वाईट वाटून घ्यायला तरी समदी असत्यात."

मी पहिल्यांदा त्या मुक्कामाला गेलो तो नवा जावई म्हणून. दुपारी जेवण झाल्यावर विजार सोडून पायजमा चढवावा, असे मला वाटले. मी सासूबाईंकडे पायजमा मागितला.

"पायजमा संध्याकाळचा हाय, पावणं," त्या म्हणाल्या.

"पण मला आता थोडं आडवं व्हायचं होतं."

"व्हा की. विजारीत आडवं हुता येत न्हाय व्हय?"

मेहुणा तंबूची दोरी ताणत होता. तो तिथूनच ओरडला, "दाजी, नाद करू नका. ल्हानपणी जत्रंला जायचो तवापास्नं दिवस बुडायची वाट बगतोय."

दिवस बुडाला. सासूबाईंनी एक हाळी दिली आणि शेतभर पांगलेली सारी माणसे गोळा झाली, कारण गाठोडे एकदाच सुटणार होते. त्या मांडी घालून बसल्या, गाठ सोडली आणि पत्ते वाटावेत तसे कपडे वाटू लागल्या. पहिला मान जावयाचा, म्हणून पायजमा आधी माझ्या अंगावर आला. मग स्वेटर, शाली, कानटोप्या. कोणाचा मोजा कोणाकडे गेला, कोणाला आपले बनियन घट्ट होते आहे म्हणून भावाचे सैल मिळाले, कोणी दिवसभर कोणावर रुसले होते ते स्वेटरची देवाणघेवाण करताना बोलू लागले. मला तेव्हा तो सारा प्रकार गैरसोयीचा वाटला. आता मागे वळून पाहताना दिसते, की आम्ही सगळे दिवसातून निदान गाठोडी सुटत तितक्या वेळा एकमेकांची तोंडे पाहत होतो, आणि ते दुसऱ्या कोणत्याही निमित्ताने घडले नसते.

कपडे ठेवण्याचीही त्यांची रीत होती. जमिनीवर ठेवायचे नाहीत, कारण जमिनीला ओल असते. तंबूत ठेवायचे नाहीत, कारण "तंबूला घाम येतोय." हे मात्र खरे आहे; पहाटे तंबूच्या आतून पाणी टपकते. म्हणून त्या शेतात दोरी बांधून घेत आणि गाठोडी तिच्यावर ओळीने टांगत. ती ओळसुद्धा मनाला येईल तशी नव्हे. सकाळचे गाठोडे पूर्वेच्या टोकाला, संध्याकाळचे पश्चिमेच्या, बाकीची मधे आपापल्या जागी. दोरी पूर्व-पश्चिमच हवी, हा त्यांचा हट्ट होता. ती जराशी तिरकी झाली तर त्या मेहुण्याला ती सोडून पुन्हा बांधायला लावत. एका वर्षी शेजारच्या बांधावर उतरलेल्या एक बाई बराच वेळ ती रंगीबेरंगी रांग निरखत होत्या. शेवटी येऊन त्यांनी अदबीने विचारले, "मावशी, तुमचा स्टॉल कधी उघडतो?"

"दिवस कलला की," सासूबाई म्हणाल्या. "पण माल घरच्यांनाच हाय."

या सगळ्या गाठोड्यांत एक असे होते, जे दोरीवर कधी टांगले जात नसे. त्याला त्या 'मुकं गठळं' म्हणत. ते मेहुण्याच्या दुकानातल्या पेंडीच्या रिकाम्या प्लॅस्टिक पोत्यात घालून, पोत्याचे तोंड सुतळीने आवळून ठेवलेले असे. त्यात प्रत्येकाचा एक कोरडा जोड असे आणि शिवाय दोन जोड जास्तीचे, एक पुरुषाचा आणि एक बाईचा. ते कोणाचे, असे मी एकदा विचारले. "कुणाचं न्हाईत," त्या म्हणाल्या. "येईल त्याचं." कोणी भिजले, कोणी पाण्यात पडले, कोणी वाट चुकून आपल्याकडे आले, तरच ते उघडायचे. तसे कधी झाले नव्हते. दरवर्षी ते पोते बांधलेले जाई आणि बांधलेलेच परत येई. घरी आल्यावर सासूबाई ते सोडत आणि कोणीही न घातलेले ते सगळे कपडे धुवायला काढत. मेहुण्याची बायको म्हणे, "आत्ती, ह्ये तर कुणी घातल्यालंच न्हाय की."

"घातल्यालं नसू दे. गावाला जाऊन आल्यात न्हवं?"

हे मुके गाठोडे माझ्या मोटारीच्या डिकीत जायचे, असा नियम होता. मेहुण्याच्या गाडीत तंबू, भांडी, पोरे आणि गोंधळ. माझी गाडी स्वच्छ, माझे वागणे व्यवस्थित आणि मी जावई. राखीव चीज भरवशाच्या माणसाकडे द्यावी, असा त्यामागचा विचार होता. त्यांनी तो कधी बोलून दाखवला नाही. पण पोते माझ्या डिकीत ठेवताना त्या ते एकदा थोपटत आणि माझ्याकडे बघून मान हलवत. त्या मानेचा अर्थ मला कळत होता. मला तो कळत होता, हे मुद्दाम नमूद करतो.

मग ते वर्ष आले. कंबरदुखीने मी हैराण झालो होतो आणि मी एक घडीची खुर्ची आणली होती. कॅनव्हासची, मजबूत, हाताशी पेला ठेवायला जाळी असलेली. निघण्याच्या सकाळी मी सासूबाईंच्या घरी सर्वांच्या आधी पोहोचलो. नेहमीप्रमाणे पोते माझ्या डिकीत ठेवून त्या मागच्या दारी गेल्या. पोत्यामुळे खुर्ची काही केल्या बसेना. आडवी करून पाहिली, तिरकी करून पाहिली. कोणत्या आकाराच्या जागेत काय बसेल हे शिकवण्यात माझा जन्म गेला आहे. त्या सकाळी मात्र मी एकाच निष्कर्षाला आलो. जे पोते आजवर कधी उघडले गेले नाही, ते यंदाही उघडले जाणार नाही. मी ते उचलले, सोप्यातल्या दिवाणाची फळी वर केली आणि आत ठेवून दिले. कोणी पाहिले नाही. परत आल्यावर गुपचूप बाहेर काढू, असे मी ठरवले. मी विचारले का नाही, या प्रश्नाचे मला आजही सुचते ते उत्तर लाजिरवाणे आहे: विचारायला जरा मोठ्याने बोलावे लागले असते, आणि नकार मिळाला असता तर पुन्हा बोलावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे झाले त्याची गोष्ट आमच्या नातेवाइकांत अजून सांगितली जाते. त्या वर्षी आम्ही उतरलो त्या जागी दोरी बांधायला एकच झाड होते, एक जांभूळ. दुसऱ्या टोकाला काही नव्हते, म्हणून सासूबाईंनी दोरीचे ते टोक मेहुण्याच्या गाडीवरच्या कॅरिअरला बांधून घेतले होते. बांधणारा मेहुणाच. सकाळी दूध आणायला म्हणून तोच मेहुणा गाडीत बसला, गाणे लावले आणि निघाला. दोरी क्षणभर ताणली गेली, झाडाकडची गाठ सुटली, आणि आमचा अख्खा दिवस गाडीच्या मागे निघाला. सकाळ पुढे, दुपार तिच्यामागे, संध्याकाळ शेवटी उड्या मारत. आम्ही सगळे ओरडत धावलो. मेहुण्याला वाटले, आणखी काहीतरी आणायला सांगताहेत; त्याने खिडकीतून हात हलवला आणि पाण्याच्या कडेने वळण घेतले. वळणावर गाठोडी चिखलातून फरफटत गेली आणि एकामागून एक धरणात पडली.

पोरांनी आधी पाण्यात उड्या घेतल्या, मग त्यांच्यामागे त्यांच्या आया, मग कंबर विसरून मीही. सर्वांत पुढे सासूबाई, गुडघ्याच्या वर पाण्यात, दोन्ही काखांत गाठोडी धरून मुलाला हाका मारत होत्या. त्या हाका येथे लिहिता येण्यासारख्या नाहीत.

मेहुणा परतला, त्याने समोरचे दृश्य पाहिले आणि दुधाची किटली खाली ठेवून दोन्ही कान धरले. "चुकलो! आये, चुकलो! हाण मला. चप्पल दिऊ काय?"

"चप्पल कशाला, हात हाय की माझा," असे म्हणून सासूबाईंनी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. दुसरा घालायला गेल्या आणि त्यांनाच हसू आले. मग सगळेच हसायला लागले. चहा उकळेपर्यंत मेहुण्याची चूक संपली होती, आणि चहा पिताना तो स्वतःच ती अभिनयासह सांगत होता. मी त्याच्याकडे बघत होतो. इतक्या मोठ्याने, इतक्या लवकर आणि इतक्या स्वस्तात सुटता येते हे मला ठाऊक नव्हते.

सर्वांच्या अंगावरून पाणी निथळत होते. वारा गार होता. अंगात घालायला कोरडा म्हणावा असा एक धागा कोणाकडे नव्हता. तेव्हा सासूबाई मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आणा माझं मुकं गठळं."

त्या क्षणीचा त्यांचा चेहरा मी कधीही विसरणार नाही. इतकी वर्षे ज्या पोत्यावरून सगळ्यांनी त्यांची थट्टा केली, त्याची वेळ आली होती. त्यांना आमच्या भिजण्याचे वाईट वाटत होते, पण आनंद लपत नव्हता. एखाद्या बाईच्या घरी पहिल्यांदा पंगत बसावी तशा त्या उभ्या होत्या.

पोते सापडेना. मेहुण्याच्या गाडीत पाहिले, तंबूंत पाहिले, भांड्यांच्या मागे पाहिले. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमच्या डिकीत असतंय न्हवं त्ये?"

मी तोंड उघडण्याआधीच सासूबाई त्याच्यावर कडाडल्या. "पावण्यांच्या गाडीत काय डोकावतोस? त्यांनी काय कापडं चोरल्यात व्हय? असतं तर दिलं नसतं त्यांनी?" आणि मग आवाज अचानक उतरवून, आम्हांला कोणालाही अनोळखी वाटेल अशा स्वरात त्या म्हणाल्या, "मीच ठेवायचं इसरलो असणार."

त्यावर मी बोललो. माझे शब्द असे होते: "असू द्या आई. वय झालं की होतं असं. मनाला लावून घेऊ नका."

माझी पत्नी माझ्याकडे कृतज्ञतेने पाहत राहिली. किती समजून घेतो हा माणूस, असे तिच्या नजरेत होते. नंतर आम्ही ताडपत्र्या, चादरी आणि तंबूची आवरणे पांघरून कपडे वाळण्याची वाट पाहत बसलो. मेहुण्याने सतरंजी धोतरासारखी नेसली आणि पोरांना हसवले. सासूबाईंनी मात्र काहीच पांघरून घेतले नाही. मी माझ्या नव्या खुर्चीत बसलो होतो, आणि माझी कंबर अजिबात दुखत नव्हती.

परतल्यावर, मी बाहेर काढण्याआधीच, सुनेला दिवाणात ते पोते मिळाले. सासूबाई पुष्कळ वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. "मी हितं का ठेवलो असंन?" एवढेच त्या म्हणाल्या. कपडे या वेळी त्यांनी धुतले नाहीत.

पुढच्या वर्षी त्यांनीच सांगितले, आता ज्याने त्याने आपली बॅग भरावी. सगळ्यांना बरे वाटले, मलाही. चेनच्या बॅगा आल्या. ज्याला जेव्हा हवे तेव्हा तो आपल्या तंबूत शिरून कपडे बदलू लागला. हाळी बंद झाली. सासूबाई एका कापडी पिशवीत आपली दोन पातळे घेऊन येत आणि पिशवी मांडीवर धरून बसत. एवढ्यावर थांबले असते तर मी कदाचित स्वतःला क्षमा केली असती. पण ज्या बाईने कधी एका वस्तूसाठी दोनदा हात घातला नाही, ती गॅस बंद आहे का हे उठून पुन्हा पुन्हा पाहू लागली. आमटीत मीठ घातले का, हे सुनेला विचारू लागली. मुरगूडला बहिणीकडे त्या एसटीने एकट्या जात. ते त्यांनी सोडले. "उतरायचं कुठं त्येच इसरलं तर?" डॉक्टरांना दाखवले. तपासून ते म्हणाले, यांना काहीही झालेले नाही. सासूबाईंचा विश्वास बसला नाही. "डागदर ल्हान हाय अजून," त्या म्हणाल्या.

मी प्रायश्चित्ताचे माझ्या परीने प्रयत्न केले. त्यांना मुरगूडला मोटारीने नेऊन आणू लागलो. सणाला साडी, आजारपणात फळे, रोज संध्याकाळी फोन. परिणाम असा झाला, की गल्लीत आणि मुरगुडात माझ्यासारखा जावई नाही असे बोलले जाऊ लागले. बहिणीसमोर त्या माझ्याकडे बोट करून सांगत, "माझं डोकं चालत न्हाय आता, पण पावणं हाईत म्हणून बरं हाय." माझ्या प्रत्येक प्रायश्चित्ताने माझी प्रतिष्ठाच वाढत गेली, आणि मी ती हळू आवाजात स्वीकारत गेलो.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा निघायचा दिवस आला. सकाळी आम्ही दोन्ही कुटुंबे सासूबाईंच्या दारात जमलो होतो. मेहुणा गाडीच्या टपावर चढून तंबू बांधत होता. माझी पत्नी सामान मोजत होती. तिने विचारले, "आईची पिशवी कुठाय?"

मेहुणा वरूनच म्हणाला, "आई येत न्हाय यंदा. तीच म्हणाली. आन् मलाबी वाटतंय गं, तिथं रानात कुठं चालत गेली आन् वाट इसरली तर काय करायचं? शेजारीण येणार हाय सोबतीला."

मी आत गेलो. सासूबाई स्वयंपाकघरात आमच्यासाठी धपाटी बांधून देत होत्या. फडक्याला गाठ मारत होत्या आणि ती पुन्हा सोडून, आत सगळे आहे ना हे बघत होत्या. मी त्यांच्या शेजारी पाटावर बसलो आणि सांगितले. सगळे सांगितले. खुर्ची, दिवाण, ते वाक्य. माझा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता, पण त्यांनी एकही शब्द परत विचारला नाही. त्यांचे हात मात्र गाठीवर थांबले.

त्या म्हणाल्या, "खुर्चीसाठी?"

"हो."

"कंबर दुखत हुती व्हय तवा?"

"हो."

"मग सांगायचं न्हाय? टपावर टाकलं असतं की त्ये पोतं. त्येला काय हुतंय, पेंडीचं पोतं त्ये." मग त्यांचा आवाज एकाएकी चढला. "आन् मी इतकी वर्सं गॅस बगत बसलोय, पावणं! झोपंतनं उठून गॅस बगतोय!"

मी हात जोडले आणि माफी मागितली. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. जावई म्हणून आजवर माझ्याकडे असे कोणी पाहिले नव्हते. या घरात मी पहिल्यांदाच कोणीतरी साधा माणूस होतो, ज्याला रागे भरता येते.

"मला सांगून काय उपेग?" त्या म्हणाल्या. "मी इसरलो, असं मला एकटीला वाटलं व्हय? ज्यांच्यापुढं म्हटलासा त्यांच्यापुढं सांगा. उठा."

मी उठलो. त्या माझ्या मागोमाग आल्या आणि उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. अंगणात पत्नी, मेहुण्याची बायको, पोरे, दोन गाड्यांची दारे उघडी, समोरच्या गॅलरीत शेजारीण. मी गाड्यांच्या मधे उभा राहिलो आणि सांगायला सुरुवात केली. एक वाक्य झाले, दुसरे झाले. पत्नीने हातातली पिशवी खाली ठेवली.

"काय म्हणालाय दाजी?" मेहुण्याने टपावरून विचारले. "हिकडं कायबी ऐकू येईना."

मी पुन्हा सांगितले.

"अवो मोठ्यानं बोला की!"

मी सासूबाईंकडे पाहिले. त्यांनी मान हलवली नाही, हसल्या नाहीत. नुसत्या उभ्या होत्या, वाट बघत. मी छातीत श्वास भरून घेतला, आणि माझ्या आयुष्यात मी कधी काढला नव्हता असा आवाज माझ्या तोंडून बाहेर पडला. तो गाडीच्या टपापर्यंत गेला, गॅलरीपर्यंत गेला, बहुधा गल्लीच्या टोकापर्यंतही गेला.

"आई काही विसरल्या नव्हत्या! गाठोडं मी काढलं होतं, खोटं मी बोललो, आणि ते त्यांच्या वयावर ढकललं! आई, माझं चुकलं! मला माफ करा!"